शेजारचा लिंब वाळला, हा का टिकला? अवर्षण सोसणारी कडुनिंबाची रोपं निवडण्याची पद्धत

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात सोलापूर-बीडकडच्या कुठल्याही माळावर हे दिसतं. एकाच बांधावर दोन लिंब असतात, वय सारखं, बुंधा सारखा. एकाचा माथा हिरवागार, दुसऱ्याच्या शेंड्याला नुसत्या काड्या. माती तीच, पाऊस तोच. मग फरक कुठून आला? कधी तो जमिनीखालच्या खडकातून आलेला असतो, कधी कुऱ्हाडीतून, तर कधी खरोखरच जनुकांतून. ही तीन कारणं वेगळी काढता आली, तर पुढच्या लागवडीसाठी बी कुठल्या झाडाचं घ्यायचं हे ठरवता येतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वजनकाटा, पीव्हीसी पाइप आणि नऊ-दहा महिन्यांचा धीर पुरतो.

अशा जोड्यांवर शास्त्रीय काम झालेलं आहे. जर्मनीच्या हेसे राज्यात २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर बीच वृक्षांची (इथे समुद्रकिनाऱ्याचा संबंध नाही, हा युरोपातला जंगली वृक्ष) पानं करपली, पण एकाच ठिकाणी काही झाडं ठणठणीत राहिली. संशोधकांनी शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या एका निरोगी आणि एका करपलेल्या झाडाच्या सुमारे २०० जोड्या धरल्या आणि त्यांचा डीएनए ताडून पाहिला. शंभराहून थोड्या जास्त जागी दोन्ही गटांत ठळक फरक सापडले, आणि ते जनुकसंचात विखुरलेले होते. यातली मेख इतकीच, की 'दुष्काळाचं जनुक' नावाची एकच गोष्ट नसते. लहान-लहान फरकांची बेरीज असते आणि ती बेरीज आईकडून आणि परागाकडून मिळून येते. म्हणून आपल्या हातात असलेलं सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे मातृवृक्षानुसार वेगळं ठेवलेलं बी.

आत काय चालतं

माती सुकायला लागली की पानांत ॲबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक तयार होऊ लागतं. ते बनवणाऱ्या साखळीतला नेमका अडकणारा टप्पा एनसीईडी गटातली जनुकं सांभाळतात. ही जनुकं जितक्या लवकर जागी होतील, तितका इशारा लवकर मिळतो. हे आम्ल ज्या ग्राहक प्रथिनांना चिकटतं, ती २००९ साली सापडली. एरवी पीपी२सी नावाची प्रथिनं ब्रेकसारखी दाबून बसलेली असतात. आम्ल चिकटलेला ग्राहक त्या ब्रेकलाच धरून ठेवतो. मग एसएनआरके२ ही विकरं मोकळी होतात आणि पर्णरंध्राच्या, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्राच्या, रक्षक पेशींमधला एसएलएसी१ हा मार्ग उघडतात. त्यातून क्षार बाहेर जातात, मागोमाग पाणी जातं, पेशी ढिल्या पडतात आणि रंध्र मिटतं. हे सगळं मिनिटांत होतं.

दुसरं काम तासांचं आणि दिवसांचं. एआरईबी आणि डीआरईबी गटातली मुख्य जनुकं शेकडो इतर जनुकांना चालू करतात. त्यांतून पेशीतली प्रथिनं सुकताना बिघडू नयेत म्हणून एलईए प्रथिनं येतात, पाणी धरून ठेवायला प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल येतं, पानावरचा मेणाचा थर जाड होतो आणि पेशीपटलातले पाण्याचे दरवाजे, म्हणजे ॲक्वापोरिन, कमी-जास्त होतात. याच्याही मागे महिन्या-वर्षांचं काम आहे, ते म्हणजे मूळ किती खोल जातं आणि लाकडातल्या जलवाहिन्या किती रुंद बनतात. रुंद वाहिनी पाणी भरपूर नेते, पण ताण वाढला की तिच्यात हवेचा बुडबुडा शिरायची भीतीही साधारणपणे जास्त असते. एकदा बुडबुडा शिरला की ती वाहिनी बंद पडते. लाकूड बनून गेल्यावर वाहिनीचा आकार बदलता येत नाही, ही गोष्ट रोपवाटिकेत लक्षात ठेवायची. भरपूर पाण्यावर वाढवलेल्या रोपाचं लाकूड भरपूर पाण्यासाठीच बनलेलं असतं.

मुळाच्या खोलीचं एक चांगलं उदाहरण प्लम या फळझाडाचं आहे. भातात सापडलेल्या डीआरओ१ या मुळाचा कोन ठरवणाऱ्या जनुकाचा पीचमधला भाऊबंद प्लममध्ये वाढवून चालवला, तेव्हा मुळं जास्त खोल गेली. कडुनिंबाचा जनुकसंचही बेंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली वाचून प्रसिद्ध केला आहे. त्यामुळे इतर झाडांत ठाऊक असलेल्या जनुकांची लिंबातली रूपं आता शोधता येतात. अर्थात, ते पुढचं. आधी झाडं शोधायची.

जोड्या निवडताना

पाहणी मे महिन्यातच करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये लिंबाची पानगळ नैसर्गिक असते आणि दोन शेजारी झाडांत ती पंधरा दिवसांनी मागेपुढे होते. त्या काळात 'वाळलेलं' ठरवलेली निम्मी झाडं एप्रिलमध्ये तांबूस पालवीनं भरून जातात आणि आपली यादी रद्दीत जाते. पावसाळ्यानंतरची पाहणीही नको. तेव्हा शेंड्याकडून डहाळ्या तपकिरी होत जाणारा शेंडेमर रोग आणि टी-मॉस्किटो नावाचा रस शोषणारा ढेकूण यांचं नुकसान दिसतं, आणि लांबून ते दुष्काळासारखंच वाटतं. पाऊसपाणी चांगलं होऊनही शेंडे जळालेत, तर ते झाड जोडीतून बाद.

जोडीतली झाडं एकमेकांपासून २० ते ३० मीटरच्या आत हवीत. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, दोरीनं घेर मोजा. दोन्हींच्या घेरात २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. मग आजूबाजूला पाहा. एक झाड विहिरीच्या, मोरीच्या, पाटाच्या किंवा शेततळ्याच्या अंगाला आहे का? एकाखाली गुरं बांधतात का? एकाच्या बुंध्याशी सिमेंट ओतलंय का? शेळ्यांसाठी डहाळ्या कोणत्या झाडाच्या तोडतात? हा शेवटचा प्रश्न गावातल्या माणसालाच विचारावा लागतो, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. जमिनीची खोली पाहायला दोन्ही झाडांच्या माथ्याच्या कडेखाली पहारीनं एकेक भोक घ्या. एकीकडे ३० सेंमीवर खडक आणि दुसरीकडे मीटरभर माती असेल, तर फरक मातीचा आहे.

यातून उरलेल्या झाडांच्या माथ्याला गुण द्या. माथ्याचा किती भाग पानांनी भरलाय, तो दहा-दहा टक्क्यांत लिहा आणि वाळलेल्या डहाळ्यांचा अंदाज वेगळा लिहा. दोन माणसांनी एकमेकांचं न पाहता लिहावं. एकाच जागेवरून फोटो काढा आणि ती जागा दगडानं खुणावून ठेवा. जमलं तर दोन उन्हाळे पाहणी करा. २०१५-१६ किंवा २०१८-१९सारख्या सालात तगून राहिलेल्या झाडाबद्दल जुनी माहिती मिळाली तर ती सोन्यासारखी, कारण बरं साल सगळ्याच झाडांना सांभाळून घेतं.

किमान आठ मातृवृक्ष घ्या. त्यांतले सहा 'टिकलेले' आणि दोन त्यांच्याच जोडीतले 'वाळलेले' असू द्या. वाळलेल्या झाडांचं बी मुद्दाम घ्यायचं. ते नसेल तर चाचणीत तुलना कशाशी करणार? हे पाऊल लोक हमखास गाळतात. जोड्या एकमेकींपासून शंभर मीटरच्या पलीकडे ठेवा, नाहीतर सगळी एकाच आजीची नातवंडं निघायची.

निंबोळ्या

जून-जुलैत फळ पिवळसर झालं की झाडाखाली ताडपत्री अंथरा आणि फांद्या हलवा. जमिनीवरच्या निंबोळ्या झाडून घेऊ नका. वटवाघळं आणि पाखरं दुसरीकडच्या निंबोळ्या खाऊन बिया या झाडाखाली टाकतात. त्या गोळा केल्या की 'या आईची' म्हणून लिहिलेलं बी भलत्याचंच निघतं आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

गर त्याच दिवशी चोळून काढा आणि बी स्वच्छ धुवा. गरासकट ढीग ठेवला तर तो आंबून तापतो आणि कोंब मरतो. सावलीत पातळ पसरून तीन-चार दिवस सुकवा, उन्हात नको. मग दोन आठवड्यांच्या आत पेरा. लिंबाचं बी गव्हासारखं साठवून ठेवता येत नाही, नेहमीच्या साठवणीत त्याची उगवण फार लवकर घसरते. दिवाळीपर्यंत डब्यात ठेवून मग पेरणाऱ्यानं बियाला दोष देऊ नये.

प्रत्येक आईचं बी वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा. चिठ्ठी एक आत आणि एक बाहेर, पेन्सिलनं लिहिलेली, कारण शाई धुऊन जाते. प्रत्येकीच्या १०० बियांचं वजन नोंदवा. मोठ्या बीचं रोप पहिले काही महिने मोठंच असतं. तो आईनं दिलेल्या शिदोरीचा परिणाम आहे, अवर्षण सोसण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. पुढे निकाल वाचताना ही नोंद लागते.

रोपं वाढवणं

नेहमीची काळी पिशवी या चाचणीला चालत नाही. तिच्यात सोटमूळ तळाशी गुंडाळतं, आणि पाणी इतकं थोडं मावतं की एप्रिलच्या उन्हात ते तीन दिवसांत संपतं. तेवढ्या वेळात रोप रंध्रं मिटतं आणि मरतं. वर सांगितलेली दिवसांची कामं सुरू होईपर्यंत खेळ आटोपलेला असतो. खरा दुष्काळ आठवड्यांनी चढतो, चाचणीही तशीच हवी.

११० मिमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपचे ६० सेंमीचे तुकडे करा. प्रत्येक तुकडा उभा चिरून पुन्हा चिकटपट्टीनं बांधा, म्हणजे शेवटी उघडून मूळ पाहता येईल. तळाला शेडनेटचा तुकडा तारेनं घट्ट बांधा. माध्यम म्हणून तांबडी माती, वाळू आणि कुजलेलं, चाळलेलं शेणखत २:१:१ प्रमाणात घ्या. काळी माती टाळा. ती सुकली की आक्रसते, पाइपच्या भिंतीपासून सुटते आणि पुढचं पाणी फटीतून सरळ खाली जातं. वर ओलं, खाली वाहतंय, मधे मात्र कोरडं ठणठणीत, असं होऊन बसतं. सगळे पाइप काट्यावर सारख्याच वजनाचे भरा. हलवून, आपटून समान दाबा.

प्रत्येक पाइपमध्ये दोन बिया आडव्या, एक-दीड सेंमी खोल पेरा. एक ते तीन आठवड्यांत उगवतील. मग एक रोप ठेवून दुसरं कात्रीनं कापा. उपटू नका, शेजारचं मूळ हलतं.

आठ आया आणि प्रत्येकीची २० रोपं, असे १६० पाइप झाले. त्यांचे चार गट करा. प्रत्येक गटात प्रत्येक आईची पाच रोपं: तीन पाणी तोडायची आणि दोन नियमित पाण्याची. गटाच्या आत जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. एका आईची सगळी रोपं एका रांगेत लावण्याचा मोह आवरा. कडेच्या रांगेला वारा आणि ऊन जास्त लागतं, आणि मग बिचारी ती आई नापास होते.

सगळी रोपं पहिल्या दिवसापासून एकाच ठिकाणी, एकाच हातानं वाढवलेली हवीत. हा हट्ट उगाच नाही. कॅनडात पॉपलरच्या एकाच कलमवाणाची, म्हणजे जनुकांनी हुबेहूब सारखी, पण दोन वेगळ्या ठिकाणच्या रोपवाटिकांतून आलेली झाडं एकत्र वाढवून पाणी तोडलं, तेव्हा काही वाणांत त्यांच्या जनुकांचा प्रतिसाद ती कुठून आली यावर बदलला. हे काम २०११ साली प्रसिद्ध झालं. डीएनएवर बसणाऱ्या रासायनिक खुणांत तो इतिहास राहत असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे या रोपवाटिकेतून चार आणि त्या रोपवाटिकेतून चार अशी रोपं आणून तुलना केली, तर आपण रोपवाटिकाच मोजत असतो.

पाणी तोडण्याची चाचणी

मार्चअखेर ते एप्रिल हा काळ योग्य. रोपं आठ-नऊ महिन्यांची असतात, हवा कोरडी असते. वर पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर, बाजू उघड्या. अवकाळीची एक सर आली की पंधरा दिवसांचं काम धुऊन जातं, म्हणून आभाळ निरभ्र असलं तरी छप्पर पहिल्या दिवसापासून.

संध्याकाळी सगळ्या पाइपांना तळातून निथळेपर्यंत पाणी द्या आणि मातीचं तोंड प्लास्टिकनं बांधा, बुंध्यापुरतीच फट ठेवा. आता पाणी फक्त पानांतून जाईल. २४ तास निथळू द्या आणि वजन करा. हे 'भरलेलं वजन'. काटा १० किंवा १५ किलोचा आणि दोन ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. रोप नसलेले चार पाइपही असेच बांधून ठेवा. त्यांची घट म्हणजे फटीतून उडणारं पाणी, ते सगळ्यांतून वजा करायचं. इथे एक सूचना: भरलेला पाइप आठ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे १६० पाइपांना रोज सव्वा टनाहून जास्त वजन उचलावं लागतं. दोन माणसं आणि कमरेच्या उंचीचं टेबल आधीच ठरवा.

रोज एकाच वेळी, सकाळी सातला, वजन करा. नियमित पाण्याच्या रोपांना जेवढं घटलं तेवढं पाणी परत. पाणी तोडलेल्यांना नियम वेगळा: दिवसाची घट ७० ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर वरचं पाणी परत द्यायचं, कमी असेल तर काहीच नाही. हे कशासाठी? मोठं, पानाळ रोप जास्त पितं, त्याची माती आधी सुकते आणि ते आधी मान टाकतं. आपण म्हणतो 'नाजूक', पण ते फक्त मोठं होतं. ७० ग्रॅमची मर्यादा घातली की सगळ्यांची माती साधारण सारख्या गतीनं सुकते. या एका नियमाशिवाय केलेल्या चाचण्यांत लहान, खुरटी रोपंच 'दुष्काळ सोसणारी' ठरतात.

आता हिशोब. पाणी तोडलेल्या रोपाची रोजची घट भागिले त्याच आईच्या नियमित रोपांची सरासरी घट. हे गुणोत्तर पहिल्या तीन दिवसांच्या, म्हणजे सगळे ओले असतानाच्या, गुणोत्तरानं पुन्हा भागा. पहिल्या दिवसांत १.१० होतं आणि आज ०.६६ आलं, तर रोप आपल्या मूळ वेगाच्या ०.६० वेगानं पाणी सोडतंय. हा आकडा ०.१०च्या खाली गेला की त्या रोपाची चाचणी संपली, ते 'शेवटचं वजन'. भरलेलं वजन ८,२०० ग्रॅम आणि शेवटचं ७,००० ग्रॅम, तर रोपाला मिळू शकणारं पाणी १,२०० ग्रॅम. ज्या दिवशी वजन ७,४८० होतं त्या दिवशी ४८० भागिले १,२००, म्हणजे ०.४० हिस्सा पाणी शिल्लक होतं. अशी चाचणी अडीच-तीन आठवडे चालते.

आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर शिल्लक पाणी आणि उभ्या अक्षावर वेग मांडा. सुरुवातीला रेघ सपाट असते, मग एका ठिकाणी मोडून खाली उतरते. तो मोड कुठे येतो, हे या चाचणीचं सार आहे. एका आईची रोपं निम्मं पाणी शिल्लक असतानाच हात आखडतात, दुसरीची ०.३०पर्यंत बेफिकीर पितात. पहिली जपून वागणारी, दुसरी धकवून नेणारी.

यातली चांगली कोणती? कुठे लावायची त्यावर आहे. लवकर मिटणारं रोप पाणी वाचवतं, पण रंध्रं बंद म्हणजे कार्बन डायऑक्साइडही बंद, वाढ थांबते. उशिरा मिटणारं रोप पावसाच्या पंधरा दिवसांच्या खंडात वाढत राहतं, पण कोरड लांबली तर त्याच्या वाहिन्यांत बुडबुडे शिरायचा धोका जास्त. आमचं मत असं: उथळ मुरमाड माळावर जपून वागणाऱ्या आया, आणि खोल जमिनीत, जिथे मूळ खाली जाऊ शकतं, तिथे धकवून नेणाऱ्या.

शेवटच्या वजनानंतर रोपं आणखी सात दिवस तशीच कोरडी ठेवा आणि मग भरपूर पाणी द्या. तीन आठवड्यांनी मोजा: किती फुटली, आणि शेंड्यातून की बुंध्याजवळून? न फुटलेल्यांची साल नखानं खरवडा, खाली हिरवं असेल तर आणखी आठवडाभर थांबा. रंध्रं कधी मिटली यापेक्षा फुटवा किती आला हा आकडा शेतकऱ्याच्या जास्त कामाचा आहे.

पानांची मापं

मोड आल्याच्या आसपास पानातलं सापेक्ष पाणी, म्हणजे पूर्ण फुगलेल्या पानाच्या तुलनेत किती पाणी उरलंय ते, मोजा. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान प्रत्येक रोपाच्या वरून तिसऱ्या-चौथ्या पानाच्या मधल्या पर्णिका घ्या, लगेच झाकणाच्या डबीत टाका आणि वजन करा. सोनाराचा मिलिग्रॅम दाखवणारा काटा उत्तम. नसेल तर दहा पर्णिका एकत्र घेऊन ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर चालवा. मग चार तास डिस्टिल्ड पाण्यावर तरंगवा, टिपकागदानं अलगद टिपा, वजन करा, ७० ते ८० अंशांवर २४ तास वाळवा, पुन्हा वजन करा. ताजं ०.२१२, फुगलेलं ०.२६८ आणि वाळलेलं ०.०९२ ग्रॅम असेल, तर (०.२१२ वजा ०.०९२) भागिले (०.२६८ वजा ०.०९२), म्हणजे ६८ टक्के. टिपताना दाबलं तर फुगलेलं वजन कमी भरतं आणि रोप खोटंच ताजंतवानं दिसतं.

इन्फ्रारेड तापमापक असेल तर दुपारी नियमित आणि पाणी तोडलेल्या रोपांच्या पानांचं तापमान घ्या. रंध्रं मिटली की पान थंड राहत नाही, काही अंशांचा फरक लगेच दिसतो. पानावर सावली पडू देऊ नका, आणि तापमापक इतका जवळ धरा की मागची माती त्याच्या टप्प्यात येणार नाही.

रंध्रं मोजायला पानाच्या खालच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर लावतात, सुकल्यावर पारदर्शक चिकटपट्टीनं उचलून काचपट्टीवर चिकटवतात आणि ४०० पट दिसणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. संख्या मोजण्यापुरता हा ठसा चांगला. उघडी-मिटलेली ठरवायला त्यावर विसंबू नका.

शेवटी पाइप उघडा, पाण्यात भिजवून माती सोडवा आणि सोटमुळाची लांबी, तळच्या २० सेंमीतल्या मुळांचं आणि एकूण मुळांचं वाळलेलं वजन घ्या. खाली किती टक्के मूळ आहे, हा आकडा प्रत्येक आईपुढे लिहा. आमच्या दृष्टीनं एकच माप परवडत असेल तर हेच घ्यावं.

आरएनएपर्यंत जायचं असेल तर

जनुक चालू झालं की त्याची आरएनए नावाची नक्कल निघते, ती मोजली की जनुक किती चाललं ते कळतं. एखाद्या कृषी किंवा विज्ञान महाविद्यालयाची प्रयोगशाळा सोबत असेल, तरच यात पडा. नमुना एकाच दिवशी सगळ्यांचा घेण्याची चूक सर्रास होते. शिल्लक पाणी सारखं असताना घ्यायचा, उदाहरणार्थ सगळ्यांचा ०.३० वर, मग तो एकाचा मंगळवारी येवो नाहीतर दुसऱ्याचा शुक्रवारी. तास मात्र तोच ठेवा. बरीच जनुकं दिवसाच्या घड्याळावर वर-खाली होतात, सकाळी आठचा आणि दुपारी दोनचा नमुना ताडला तर अर्धा फरक घड्याळाचाच असतो.

सुमारे १०० मिलिग्रॅम कोवळं पण पूर्ण उघडलेलं पान तोडून अर्ध्या मिनिटात द्रव नायट्रोजनमध्ये टाका, साठवण उणे ८० अंशांवर. लिंबाच्या पानात पॉलिफिनॉल आणि चिकट शर्करा भरपूर असतात, त्यामुळे साध्या किटमधून तपकिरी, चिकट गाळ येतो. सीटीएबी (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) पद्धतीत, पॉलिफिनॉल आवरायला पीव्हीपी आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घालून काढलेला आरएनए स्वच्छ मिळतो. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर २च्या जवळ हवं. डीएनए काढून टाकणारं विकर वापरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाहायला एनसीईडी, एक डीआरईबी, एक डीहायड्रिन (एलईए प्रथिनांपैकीच) आणि प्रोलिन बनवणारं पी५सीएस ही चार जनुकं पुरेत. तुलनेसाठी किमान दोन 'स्थिर' जनुकं घ्या आणि ती पाणी तोडल्यावर खरोखर स्थिर राहतात हे आधी तपासा. ॲक्टिन या नेहमी वापरल्या जाणाऱ्या एकट्या जनुकावर भिस्त नको. प्रत्येक आईची, पाणी तोडलेली आणि नियमित पाण्याची, प्रत्येकी किमान तीन वेगळी रोपं हवीत. एकाच रोपाचा नमुना तीनदा चालवला म्हणजे तीन नमुने होत नाहीत. हिशोब असा: पीसीआर यंत्रात प्रत्येक चक्राला नकला दुप्पट होतात आणि त्या किती चक्रांनी दिसू लागतात ते मोजतात. आपलं जनुक आणि स्थिर जनुकं यांच्यात नियमित रोपात फरक ६.५ चक्रांचा, पाणी तोडलेल्यात ३.२चा, म्हणजे ३.३ चक्रं आधी, आणि २चा ३.३वा घात सुमारे १०, तेव्हा जनुक दहापट चाललं.

आता दहापट म्हणजे चांगलं की वाईट? इथे भले भले फसतात. जनुक जास्त चाललं याचा अर्थ रोप जास्त सोसतं असा होत नाही. कधीकधी ते जास्त त्रासात असतं म्हणून ओरडत असतं. अंगात ताप चढला म्हणजे प्रकृती उत्तम असं कोण म्हणेल? म्हणून आरएनएचा आकडा एकटा वाचू नका. त्याच्या शेजारी मोड, फुटवा आणि खालच्या मुळांची टक्केवारी ठेवा. लवकर जागं होऊन पाणी भरल्यावर लवकर शांत होणारं जनुक आणि चांगला फुटवा हे एकत्र दिसलं, तरच ती खूण धरायची. प्रोलिनच्या आकड्यावरून 'दुष्काळरोधक रोपं' म्हणून पाटी लावून विकणाऱ्याला फुटव्याचा आकडा विचारा.

निकालावरून लागवड

चार गटांपैकी तीन गटांत ज्या आयांचा क्रम वर राहिला, त्याच धरा. एका गटात पहिली आणि बाकीच्यांत मधेच असेल, तर तो जागेचा परिणाम. आणि वाळलेल्या झाडांची रोपं टिकलेल्यांइतकीच चांगली निघाली, तर जोड्या निवडताना खडक किंवा कुऱ्हाड नजरेतून सुटली होती, हे मान्य करून पुढच्या मेमध्ये पुन्हा बांधावर जा.

सगळ्यात चांगल्या एकाच आईच्या बियांनी रान भरू नका. तिच्या रोपांना निम्मी जनुकं परागाकडून येतात, त्यामुळे आईचा सगळा गुण उतरत नाहीच, वर सगळी भावंडं एकाच किडीला बळी पडायची भीती. लागवडीसाठी दहा-पंधरा आयांचं बी मिसळा, त्यातल्या वरच्या आयांचं जास्त. म्हणजे चाचणीत पहिल्या वर्षी आठ झाल्या तर दुसऱ्या वर्षी नव्या आठ.

लागवडीच्या रोपांना शेवटचे सहा आठवडे पाणी हळूहळू तोडा: रोजचं एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, पान किंचित लोंबलं की पाणी. सावली काढून घ्या. नत्र बंद करा. या काळात बनणारं लाकूड आणि मेण पुढच्या उन्हाळ्यासाठी असतं. खड्डे ६० सेंमी लांब, रुंद, खोल, पावसाआधी उघडून ठेवलेले. पहिल्या चांगल्या पावसानंतर जमीन हातभर ओली झाली की लावा. पिशवीतलं रोप असेल तर तळाशी गुंडाळलेलं मूळ कात्रीनं कापून टाका, तसंच लावलं तर ते वर्षानुवर्षं गोल फिरत राहतं.

आयांच्या खुणा लागवडीतही ठेवा. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्यानं क्रमांक कोरून तो खुंट्याला बांधा, रोपाला नको, बुंधा जाडावला की तार रुतते. नकाशा कागदावर वेगळा. पहिल्या मेमध्ये मरतुक पाहून निष्कर्ष काढू नका, त्यात शेळ्या, वाळवी आणि लावणाऱ्याचा हात असतो. दुसऱ्या मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक क्रमांकाची जिवंत रोपं, उंची आणि माथ्याचे गुण लिहा.